नियमाचा उत्तरार्ध

मुलांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या की केंद्र सरकारच्या कोणत्याही कार्यालयात आस्थापना शाखेच्या टेबलावर एका ठरावीक नमुन्यातील अर्जांचा ढीग वाढू लागतो. अर्जात कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, वय, नाते आणि जाण्याचे ठिकाण लिहिलेले असते. या योजनेचे मराठी नाव 'रजा प्रवास सवलत' असे आहे. पण शिपायापासून सचिवापर्यंत सर्वजण तिला 'एलटीसी' म्हणूनच ओळखतात. माझ्या सेवाकाळात मी असे शेकडो अर्ज मंजूर केले आणि शेकडो बिलांवर सह्या केल्या. त्यांपैकी एका बिलावरची सही मात्र मला आजही बोचते. ती का बोचते हे समजण्यासाठी आधी या सवलतीचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

सरकारी खर्चाने नोकरदाराच्या कुटुंबाला प्रवास घडवावा, ही कल्पना इंग्रजी अमदानीतही होती. पण ती फार थोड्यांपुरती होती. १९२३ साली लॉर्ड ली यांच्या अध्यक्षतेखाली वरिष्ठ सनदी सेवांसाठी एक आयोग नेमला गेला आणि १९२४ साली त्याने अहवाल दिला. युरोपीय अधिकाऱ्यांना भारतातील नोकरी नकोशी होऊ लागली होती. त्यांना टिकवून धरण्यासाठी आयोगाने सुचवले की, ज्यांचे मूळ अधिवासस्थान आशियाबाहेर आहे अशा अधिकाऱ्याला संपूर्ण सेवेत चार वेळा मायदेशी जाऊन परत येण्याचे जहाजाचे भाडे मिळावे. पत्नीलाही तेवढेच, आणि प्रत्येक मुलासाठी एकेरी प्रवासाचे भाडे. मुलासाठी एकेरीच का, याचे उत्तर त्या काळच्या रीतीत आहे. साहेबांची मुले लहान वयातच शिक्षणासाठी विलायतेला पाठवली जात आणि बहुधा तिथेच राहत. त्याच सेवेतील भारतीय अधिकाऱ्याला ही सवलत नव्हती. 'होम' हा शब्द फक्त एकाच देशाला लागू होता.

स्वातंत्र्यानंतर ११ ऑक्टोबर १९५६ रोजी भारत सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलत लागू केली. दोन वर्षांतून एकदा कर्मचाऱ्याला कुटुंबासह आपल्या गावी जाऊन येण्याचे भाडे मिळू लागले. या गावाला नियमात 'होम टाउन' म्हटले आहे. आपल्याकडे त्याला 'स्वग्राम' हा सुंदर शब्द रूढ झाला. सुरुवातीच्या काळात पहिल्या ४०० किलोमीटरचा खर्च कर्मचाऱ्याने स्वतः सोसावा आणि चतुर्थ श्रेणीच्या बाबतीत १६० किलोमीटरचा, अशी अट होती. म्हणजे ज्याचे गाव खरोखर दूर आहे त्यालाच मदत, हा हेतू स्पष्ट होता. पुढे ही अट गेली.

इथे तारखेकडे लक्ष वेधावेसे वाटते. ही सवलत सुरू झाली त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार प्रांतरचना अमलात आली. एकीकडे नकाशावर भाषांच्या सीमा आखल्या जात होत्या आणि दुसरीकडे केंद्राची नोकरी माणसांना त्या सीमांपलीकडे नेत होती. तमिळ कारकून दिल्लीत, बंगाली हिशेबनीस नागपुरात, मराठी निरीक्षक पाटण्यात. यांच्या मुलांना आजी-आजोबांची भाषा कानावर पडावी, घराचे दार ओळखीचे राहावे, याची सोय सरकारने केली. माझी दोन्ही मुले बिहारमध्ये जन्मली. त्यांचे स्वग्राम कागदोपत्री सातारा जिल्ह्यात होते. ते नुसते कागदोपत्री राहिले नाही, याचे श्रेय मी या सवलतीला देतो.

दुसरा टप्पा आला तो १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगामुळे. चार वर्षांतून एकदा स्वग्रामाऐवजी भारतातील कोणत्याही ठिकाणी जाता येईल, अशी तरतूद झाली. हा बदल वरवर किरकोळ दिसतो. पण माझ्या मते तो फार महत्त्वाचा होता. पहिला नियम सांगत होता, 'आपल्या मुळाकडे जा.' दुसरा सांगू लागला, 'आपला देश पाहा.' महाराष्ट्र शासनानेही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वग्रामाच्या जोडीला 'महाराष्ट्र दर्शन' ठेवले, त्यामागे हाच विचार होता. ज्या पगारात सहल हा शब्द उच्चारणेही कठीण, त्या घरांतील मुलांनी ताजमहाल, रामेश्वर आणि दार्जिलिंग पाहिले ते या एका तरतुदीमुळे. या सवलतीत मिळते ते फक्त प्रवासाचे भाडे. धर्मशाळा, जेवण, टांगा, स्थळदर्शनाची गाडी हे सर्व ज्याचे त्याने पाहायचे. म्हणून अशा सहलींत पुरीभाजीचा डबा, पाण्याची सुरई आणि होल्डॉल यांना अढळ स्थान होते.

१९८८ साली हे सर्व आदेश एकत्र करून नवे नियम झाले आणि अजूनही, अनेक दुरुस्त्यांसह, तेच चालू आहेत. मला जे सांगायचे आहे ते या नियमांतील सहाव्या नियमाविषयी.

१९९२ साली मी रांचीला एका केंद्रीय कार्यालयाचा विभागप्रमुख होतो. आमच्याकडच्या एका वरिष्ठ लिपिकाने कुटुंबासह कन्याकुमारीला जाण्याचा अर्ज केला. नोकरीला सोळा वर्षे झाली होती, पण स्वग्रामाखेरीज तो कुठेही गेला नव्हता. मंजुरी मिळाली, अग्रिम मिळाला. पती, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा हावड्याहून कोरोमंडल एक्सप्रेसने निघाले. मद्रासला पोहोचेपर्यंत मुलाला सडकून ताप भरला. डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि पुढचा प्रवास करू नये असे बजावले. आठवडाभर ते एका धर्मशाळेत राहिले. निघण्याच्या आदल्या दिवशी आईने मुलाजवळ थांबून वडिलांना मुलीसह महाबलीपुरमला पाठवले. मुलाने समुद्र पाहिला तो मद्रासच्या किनाऱ्यावर, वडिलांच्या खांद्यावरून. मग ते सारे परतले.

परत आल्यावर त्याने बिल सादर केले. 'भेट दिलेले स्थळ' या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात 'मद्रास' असे लिहिले आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. लेखा शाखेने शेरा मारला की, घोषित स्थळी कर्मचारी गेलेला नाही. प्रवास सुरू झाल्यानंतर घोषित स्थळ बदलता येत नाही. सबब दावा अमान्य करून संपूर्ण अग्रिम दंडव्याजासह वसूल करावा. शेऱ्यासोबत नियमाचा उतारा होता. मी तो वाचला आणि सही केली. त्या दिवशी माझ्यासमोर चाळीसएक फायली होत्या, पण ते कारण म्हणून सांगत नाही.

दोन दिवसांनी तो माझ्या खोलीत आला. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणाला, "साहेब, पैसे मी भरीन. पण मुलगी विचारते आहे की, बाबा, आपण खरे लिहिले म्हणून दंड झाला का? तिला काय सांगू?" मी उत्तर दिले, "नियम आहे." तो नमस्कार करून गेला. त्याच्या पगारातून बारा हप्त्यांत ती रक्कम कापली गेली.

पुढे माझी बदली दिल्लीला झाली. १९९९ च्या ऑक्टोबरअखेर ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले. आमच्या कार्यालयातील एक कर्मचारी त्याच सुमारास मुलाबाळांसह पुरीला निघाला होता. गाड्या बंद झाल्या; ते कुटुंब वाटेतूनच कोलकात्याला वळले आणि चार दिवसांनी परतले. प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा एका तरुण विभाग अधिकाऱ्याने टिप्पणीत सहावा नियम पूर्ण उतरवून ठेवला होता. तो मी प्रथमच शेवटपर्यंत वाचला. प्रवास सुरू झाल्यावर घोषित स्थळ बदलता येणार नाही, हा त्याचा पूर्वार्ध. पण कर्मचाऱ्याच्या आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे आधी विनंती करणे शक्य नव्हते असे सिद्ध झाल्यास अपवाद करता येईल, आणि हा अपवाद करण्याचा अधिकार मंत्रालयाला किंवा विभागप्रमुखाला आहे, हा उत्तरार्ध. १९८८ पासून तो तिथेच होता. रांचीच्या उताऱ्यात लेखा शाखेने फक्त पूर्वार्ध दिला होता आणि मी पुस्तक उघडले नव्हते. अधिकार माझाच होता, आणि तो माझ्याकडे आहे हेच मला ठाऊक नव्हते.

चक्रीवादळाचे प्रकरण मी त्याच दिवशी मंजूर केले. नंतर रांचीला पत्र पाठवून जुन्या प्रकरणाचा फेरविचार करण्याची विनंती केली. उत्तर आले की, संबंधित कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेला आहे आणि त्या वर्षाची प्रवास-बिले मुदत संपल्यामुळे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत.

या सवलतीचा इतिहास त्यानंतरही पुढे सरकला. २००८ साली ईशान्य भारतात, २०१० साली जम्मू-काश्मीरमध्ये आणि २०१४ साली अंदमानला जाण्यासाठी स्वग्रामाच्या सवलतीचे रूपांतर करण्याची व विमानप्रवासाची मुभा मिळाली. देशाच्या कडेच्या प्रदेशांना इतरांशी जोडण्यासाठी सरकारने सुट्टीतील कुटुंबांचा आधार घेतला. आईवडिलांनी सोबतच राहिले पाहिजे, ही अट २००८ साली गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, कोविडच्या काळात, प्रवासच अशक्य असल्याने भाड्याच्या तिप्पट रकमेची खरेदी केल्यास सवलतीची रोकड देण्याची योजना जाहीर झाली. अनेक घरांत त्या वर्षी सहलीऐवजी फ्रीज आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बाब स्पष्ट केली. स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी दिल्लीहून मदुराईला जाऊन परतताना कोलंबो, क्वालालंपूर आणि सिंगापूर असा वळसा घेतला होता. अशा प्रवासाला प्राप्तिकरातील सूट नाही, कारण ही सवलत देशातील प्रवासासाठीच आहे, असा निर्णय झाला. तो योग्यच म्हटला पाहिजे.

सवलतीचा गैरवापर होतो हे मी नाकारत नाही. तिकिटे काढून ती रद्द करणे आणि घरी बसून बिल सादर करणे, हे प्रकार मी स्वतः पकडले आहेत. खोट्या दाव्याबद्दल शिक्षा झाली तर पुढील दोन सवलती जातात, हा नियम मला कठोर वाटत नाही. पण खोटे बोलणाऱ्यासाठी उभारलेल्या कुंपणात खरे बोलणारा आधी अडकतो, कारण तो आपण होऊन सांगतो. खोटे बोलणाऱ्याची कागदपत्रे सहसा बिनचूक असतात. म्हणूनच नियम करणाऱ्यांनी उत्तरार्ध लिहून ठेवला होता.

नव्याने सेवेत येणाऱ्या अधिकाऱ्यांना मी एक साधी पद्धत सुचवतो. कोणताही दावा अमान्य करताना, त्या नियमात शिथिलतेचा अधिकार आहे काय, तो कोणाला आहे, आणि तो का वापरला नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे टिप्पणीत असल्याशिवाय सही करू नये. याला पाच मिनिटे लागतात.

त्या मुलीचे वय आता चाळिशीच्या पुढे असेल. तिने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते की, बाळ, दंड तुझ्या बाबांनी खरे लिहिल्यामुळे झाला नाही, साहेबांनी अर्धेच वाचल्यामुळे झाला. हे उत्तर १९९२ साली मला द्यायला हवे होते.