मोटाऊन : असेंब्ली लाइनवरील संगीत

डेट्रॉइट या अमेरिकी मोटारनगरीत बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामायिक बचतीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन उभी केलेली ध्वनिमुद्रिका कंपनी ‘मोटाऊन’ या नावाने जगप्रसिद्ध झाली. लोकप्रिय संगीत ही कला की कारखान्यातील माल, या वादात तिचे उदाहरण टाळता येत नाही. कारण येथे कारखान्याची उपमा खुद्द मालकालाच मान्य होती.

लोकप्रिय गीते एकाच साच्यातून निघतात आणि त्यांचे भाग यंत्राच्या सुट्या भागांप्रमाणे बदलता येतात, असा आक्षेप जर्मन तत्त्वचिंतक थिओडोर अडोर्नो यांनी १९४१ मध्येच घेतला होता. गॉर्डी यांनी लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात काम केले होते. नुसता सांगाडा एका टोकाने आत जातो आणि दुसऱ्या टोकाने नवीकोरी मोटार बाहेर पडते, हे त्यांनी तेथे पाहिले. रस्त्यावरचा अनोळखी गायकही असाच तारा होऊन बाहेर पडावा, ही त्यांची योजना. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात गीतकार, वादक, नृत्यदिग्दर्शक आणि चारचौघांत वावरण्याचे धडे देणाऱ्या मॅक्सीन पॉवेल अशी कामाची विभागणी झाली. ‘गुणवत्ता नियंत्रण’ हे कारखान्यातील नावही जसेच्या तसे उचलले गेले. त्या बैठकीत नव्या गीतांवर मते घेतली जात.

हे नियंत्रण अचूक मात्र नव्हते. मार्विन गे यांनी १९६७ मध्ये गायलेले ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन’ डावलले गेले. पुढील वर्षी त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ते अमेरिकी यादीत सात आठवडे अग्रस्थानी राहिले. ग्लॅडिस नाइट यांनी गायलेले याच गीताचे रूप त्याआधी गाजले होते. एक उसळते, दुसरे आतल्या आत जळते. दोन्ही लागोपाठ ऐकणाऱ्यास सुट्या भागांचा सिद्धांत अपुरा वाटेल.

कारखान्याची उपमा अधिक बोचते ती श्रमाच्या बाबतीत. ‘फंक ब्रदर्स’ या पदरच्या वादकसंचातील अनेकजण जॅझमध्ये मुरलेले होते. जेम्स जेमर्सन यांच्या बास गिटारने तर या संगीताची ओळखच घडविली. तरीही १९६० च्या दशकात वेष्टनावर वादकांची नावे नसत. ती ठळकपणे आली १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर. त्याचे शीर्षकगीत प्रसिद्ध करण्यास गॉर्डी प्रथम नाखूश होते.

१९७२ मध्ये कंपनीने मुख्यालय लॉस एंजेलिसला हलविले. डेट्रॉइटमधील त्या घरात १९८५ पासून संग्रहालय आहे.