‘आलास’ कीं ‘आलीस’?



माझें बहुतेक आयुष्य शाळेच्या हजेरीपटावर खुणा करण्यांत गेलें. नांव पुकारावें, ‘हजर’ असें उत्तर ऐकावें, पुढच्या नांवाकडे वळावें. परंतु त्या नांवापुढें ‘मुलगा’ लिहावें कीं ‘मुलगी’, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न ३५ वर्षांत मला एकदांही पडला नाहीं. तो पाडला माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनें. शाळेच्या दाखल्यावर ती ‘मुलगा’ आहे. आज ती स्त्री म्हणून राहते. एका कचेरींत शिपायानें तिचें जुनें नांव मोठ्यानें पुकारलें. ती उठली आणि सारी खोली हंसली. दूरध्वनीवर तिचा आवाज ऐकतांच कारकून तिला ‘साहेब’ म्हणतात. आपल्या मराठींत तर ‘मी येतों’ कीं ‘मी येतें’ हें ठरविल्यावांचून मनुष्याला स्वतःविषयीं बोलणेंहि कठीण!

हा नोंदीचा प्रश्न कांहीं नवा नव्हे. ज्यांना हिजडे म्हणत, त्यांना मराठी राज्यांत भिक्षा मागण्याचा हक्क असे. कोठें जमीन, कोठें रोख नेमणूकहि असे, आणि त्याच्या सनदा मिळत. त्यांना समाजांत मान किती होता हें सोडा. पण दप्तरांतील नोंद हक्काची होती. इंग्रजी अमलांत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, मुंबई सरकारनें या हक्कांचा आधार काढून घेतला.

पुढें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या भागानें या लोकांची स्वतंत्र नोंदवही करविली. नांव चढण्यास गुन्हा शाबीत होण्याची गरज नव्हती. वाजवी संशय पुरे होता. नोंदलेला इसम रस्त्यावर स्त्रीवेषांत दिसला किंवा पैसे घेऊन नाचला, तर त्याला वॉरंटावांचून पकडावें आणि दोन वर्षांपर्यंत कैदेंत ठेवावें, असें कलम होतें. त्याला मृत्युपत्र करतां येईना, दत्तक घेतां येईना. विशेषेंकरून वायव्य प्रांतांत या कायद्याचा अंमल झाला. जी लेखणी पूर्वीं हक्क लिहीत होती, तीच आतां संशय लिहूं लागली.

तो कायदा गेला. पण सरकारी कागदांवर रकाने दोनच राहिले. २००९ सालीं निवडणूक आयोगानें मतदारयादींत ‘इतर’ अशी नोंद करण्यास मोकळीक दिली. २०११ च्या जनगणनेंत ‘इतर’ या सदराखालीं ४,८७,८०३ माणसें मोजलीं गेलीं. मग १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति राधाकृष्णन् व सिक्री यांनीं निर्णय दिला कीं, आपण पुरुष, स्त्री कीं तृतीयपंथी हें ज्याचें त्यानें ठरवावें, आणि त्यासाठीं शस्त्रक्रियेचा आग्रह धरणें बेकायदा आहे. लेखणी प्रथमच त्या माणसाच्या हातीं आली. परंतु २०१९ च्या कायद्यानें ती पुन्हा जिल्हादंडाधिकाऱ्याच्या मेजावर नेली. तृतीयपंथी म्हणून दाखला त्याच्याकडून घ्यावा, आणि पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचें प्रमाणपत्र आणावें, असें त्यांत ठरलें. न्यायालयानें सोडविलेली गांठ पुन्हा बसली.

कायदा घडविणें माझ्यासारख्या म्हाताऱ्या मास्तराच्या हातीं नाहीं. पण गेल्या दिवाळींत ती विद्यार्थिनी माझ्या दारांत उभी राहिली, तेव्हां जुन्या सवयीनें माझ्या तोंडून निघालें, “अरे, कधीं आलास?” तिची मान खालीं गेली. मी थांबलों आणि पुन्हा विचारलें, “कधीं आलीस, बाळ?” तिनें वर पाहिलें व म्हणाली, “आतांच आलें, सर.”

तिचा दाखला अजून दुरुस्त व्हावयाचा आहे. त्यासाठीं ती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आहे. माझी जीभ दुरुस्त होण्यास मात्र कोणाच्याहि सहीची गरज पडली नाहीं.