पवनीचा अकीक कुठला?

ज्वालामुखीची काच, म्हणजे ऑब्सिडियन, आपले गाव लपवत नाही. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण निराळे असते. १९६४ मध्ये कॅन आणि कॉलिन रेनफ्रू यांनी त्याच आधारावर भूमध्य समुद्राभोवती सापडलेल्या काचेचे उगम शोधायची वाट घालून दिली.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत ही सोय नाही. दख्खनचा लाव्हा पातळ, कमी सिलिकाचा. त्याचा काळा पाषाण झाला, काच क्वचितच. मात्र या पाषाणात वायूमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचली आणि अकीक आणि लालसर कार्नेलियन तयार झाले. विदर्भातल्या प्राचीन मण्यांत हेच दगड पुन्हापुन्हा भेटतात.

आता हा अकीक कुठला? नागपुरातली सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची. तिच्या पूर्वेला तो संपत जातो. तेव्हा पवनीत अकीक पश्चिमेकडून आला असे म्हणावे, तर पवनीजवळून वाहणारी वैनगंगा आड येते. ती उगवते सिवनीकडच्या सातपुड्यात, तिथेही हाच पाषाण, आणि पुराबरोबर गोटे खाली येणारच. नदीकाठच्या नुसत्या गोट्यावरून व्यापार सिद्ध होत नाही.

मण्याचे तसे नाही, त्यावर कारागिराचा हात उमटलेला असतो. नागपूरजवळच्या माहुरझरीला मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते. आधी ढलपे काढून आकार द्यायचा, मग घासायचे, भोक पाडायचे. कठीण दगडाला दोन्ही टोकांकडून भोक पाडत आले की मध्ये नेम जरासा चुकतो आणि आत बारीकशी पायरी राहते. गुजरातेतल्या खंभातचे कारागीर भोक पाडायला हिऱ्याची कणी बसवलेली सळई सामत्याने, म्हणजे दोरीच्या कमानीने, फिरवतात. त्या पायरीवरून आणि भोकातल्या चऱ्यांवरून हत्याराचा अंदाज बांधता येतो. खाणीचा मात्र नाही.

दगड सांगत नाही, तर गाव काय सांगते? पवनीत १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर इथे बौद्ध स्तूप निघाले; कठड्यांवर ब्राह्मी लिपीतले लेख होते. एवढे बांधकाम दानावर उभे राहते, आणि दान देणारे हात रिकामे नसतात.

पवनीतच महाक्षत्रप कुमार रूपियम्माचा स्मृतिस्तंभ मिळाला. क्षत्रपांची सत्ता गुजरात-माळव्यात, आणि कार्नेलियनसाठी प्रसिद्ध रतनपूरच्या खाणीही गुजरातेतच. दोन्हींची सांगड घालण्याचा मोह होतो. पण स्तंभावर मण्यांबद्दल चकार शब्द नाही.