चारच हिस्से का?

वसई, नालासोपारा, विरारमधल्या पुष्कळ घरांत पहिला संगणक लॅमिंग्टन रोडवरून आला. ग्रँट रोडला उतरायचे, कॅबिनेट, मदरबोर्ड, हार्ड डिस्क असे एकेक घासाघीस करून घ्यायचे आणि विरार लोकलमध्ये खोकी सांभाळत परतायचे. असेंबल करणारा जाताजाता डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून द्यायचा आणि बजावायचा, ‘‘फोटोबिटो डीमध्ये ठेवा. सीवर फॉरमॅट मारला तरी डीला हात लागत नाही.’’ सल्ला सोन्यासारखा होता. आजही गोखिवरे-वालीवच्या गाळ्यांत आणि घराच्या कोपऱ्यांत असे सी-डी-ईवाले संगणक चालू आहेत.

विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रांना दारात उभे करत नाही. म्हणून अनेक जण त्यांवर लिनक्स टाकायला बसतात, सोबत एखादी मोठी डिस्कही जोडतात, आणि पार्टिशनच्या पडद्यावर येऊन अडतात. प्रायमरी चारच का? पुढचा हिस्सा एकदम पाचव्या क्रमांकाचा का? बायोस अर्धीच डिस्क का दाखवतो? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका विशिष्ट वर्षात दडलेले आहे.

८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.० होते. या यंत्रांवर पुढे कोणाचे राज्य चालणार हे तेव्हा ठरलेले नव्हते. डॉस होते, सीपीएम-८६ होते, युनिक्सच्या घराण्यातले झेनिक्सही होते. एकाच डिस्कवर या मंडळींना शेजारी नांदता यावे म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये वाटणीचा तक्ता ठेवला गेला. सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, शेवटचे दोन बाइट खुणेचे आणि मधल्या ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी. हिस्सा कुठून सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या जातीचा आहे आणि त्यावरून बूट करायचे की नाही, एवढेच एका नोंदीत बसते. पाचवी नोंद लिहायला जागाच नाही. चाळीस वर्षांनंतरही जुन्या संगणकावर चारच प्रायमरी पार्टिशन होतात, त्यामागे इतकेच कारण आहे.

सी आणि डीची फोड मात्र दुसऱ्या अडचणीतून आली. डॉसला एका हिश्शात ३२ एमबीपेक्षा जास्त मोजता येत नव्हते, कारण सेक्टरांचा आकडा १६ बिटांत लिहिला जाई: ६५,५३६ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, संपले. डिस्क ४० एमबीची झाली तेव्हा उरलेल्या जागेसाठी १९८७ च्या डॉस ३.३ ने एक्स्टेंडेड पार्टिशनची युक्ती काढली. वसईतल्या वाडीच्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर तोच राहतो आणि भावाभावांचे पोटहिस्से खाली पडत जातात, तसाच हा प्रकार आहे. चारांपैकी एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ म्हणून राखायची आणि तिच्या पोटात हवे तितके लॉजिकल हिस्से पाडायचे. लिनक्समध्ये एफडिस्क चालवून लॅमिंग्टन रोडची जुनी डिस्क पाहा. एसडीए१ म्हणजे सी, त्याच्यापुढे बूटचा तारा. एसडीए२ म्हणजे एक्स्टेंडेड. मग थेट एसडीए५ आणि एसडीए६, म्हणजे आपले डी आणि ई. तीन आणि चार कुठे हरवलेले नाहीत. एक ते चार हे क्रमांक १९८३ च्या चार नोंदींसाठी राखीव आहेत, पोटहिश्शांची मोजणी पाचापासूनच होते.

३२ एमबीचा अडसर पुढे गेला तरी फोड टिकली, कारण फॅट१६ ही डॉसची फाइल प्रणाली फार उधळी होती. एक-दोन जीबीच्या हिश्शात ती ३२ केबीचे तुकडे पाडायची, म्हणजे एक केबीचे पत्रही ३२ केबी अडवून बसायचे. तीच डिस्क ५०० एमबीच्या आतल्या हिश्शांत तोडली की तुकडा ८ केबीवर यायचा. १९९६ नंतर फॅट३२ आली, पाठोपाठ एनटीएफएस घरोघरी गेली आणि ही गरज उरली नाही. हाताला लागलेले वळण मात्र कायम राहिले, आणि चांगलेच झाले. त्या वळणामुळे किती घरांतले लग्नाचे, बारशाचे फोटो वाचले आहेत.

लिनक्सचा तर जन्मच अशा एका हिश्शात झाला. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सच्या ३८६ संगणकावर मिनिक्स ही प्रणाली होती आणि शेजारच्या पार्टिशनमध्ये तो आपला कर्नल वाढवत होता. एकदा मोडेमला पाठवायच्या आज्ञा चुकून डिस्ककडे गेल्या आणि मिनिक्सचा हिस्सा खराब झाला. मिनिक्स पुन्हा भरण्याऐवजी त्याने पुढचे सगळे काम लिनक्सवरच करायचे ठरवले. पार्टिशनच्या तक्त्यात मिनिक्सची जात ८१ क्रमांकाची, लिनक्स स्वॅपची ८२ आणि लिनक्सची ८३. हे शेजारपण तक्त्यात अजून दिसते.

आपल्याकडे लिनक्स आले ते बऱ्याच जणांच्या हाती पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीतून, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हाच्या इन्स्टॉलरपुढे खरी भिंत होती १,०२४ सिलिंडरची. बायोस सिलिंडर १,०२४ पर्यंत मोजत असे, हेड २५६ पर्यंत आणि सेक्टर ६३ पर्यंत. आयडीई डिस्कला सिलिंडर ६५,५३६ चालत, पण हेड फक्त १६. दोघांना मान्य होईल असा आकडा दोन्हीकडचा लहानच निघतो. १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ सेक्टर, म्हणजे ५२८ एमबी. दोघेही आपापल्या जागी सशक्त, तरी एकत्र आल्यावर दोघांचे दुबळेपण तेवढे उरले. हेडची संख्या फुगवून सांगण्याच्या तोडग्याने ही भिंत ८.४ जीबीवर सरकली. पुढे बऱ्याच बायोसना ३३.८ जीबीला धाप लागली. डिस्क कमी भरते असे सांगणारा जंपर तेव्हाच्या डिस्कवर असायचा, तो याचसाठी. मग २८ बिटांच्या पत्त्यांमुळे १३७ जीबीची भिंत आली.

या भिंती बायोसच्या आहेत, लिनक्सच्या नाहीत, आणि मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत कामाची गोष्ट ही वाटते. बायोस लागतो तो कर्नल डिस्कवरून उचलून मेमरीत आणेपर्यंत. एकदा कर्नल जागा झाला की तो डिस्कशी स्वतः बोलतो आणि बहुतेक वेळा सगळी जागा त्याला दिसते. म्हणून जुन्या जाणकारांनी डिस्कच्या अगदी सुरुवातीला बूटचा एक छोटा हिस्सा पाडायची रीत घातली. कर्नल बायोसच्या टप्प्यात राहिला पाहिजे, बाकीचा पसारा कितीही लांब जाऊ दे. १,०२४ सिलिंडरची भिंत गेली, लिलो हा बूटलोडर जाऊन ग्रब आला, तरी वयस्कर मदरबोर्डवर मोठी डिस्क लावणाऱ्याला ही रीत आजही तारते.

अनेक हिस्से पाडण्याला इथल्या भारनियमनानेही बळ दिले. लिनक्सच्या ईएक्सटी२ फाइल प्रणालीवर वीज अचानक गेली की पुढच्या वेळी संपूर्ण हिस्सा तपासला जाई आणि डिस्क मोठी असेल तर बराच वेळ ताटकळत बसावे लागे. मूळ प्रणालीचा हिस्सा लहान ठेवला, घरचा वेगळा केला, तर निदान एका हिश्शातली गडबड दुसऱ्यात जात नसे. २००१ मध्ये कर्नलमध्ये ईएक्सटी३ आली, ती बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे तपासणी क्षणात आटोपते. वारंवार वीज जाते तिथे हे केवढे मोठे काम झाले, ते यूपीएसची बॅटरी मेलेल्या घरांना विचारा.

चार नोंदींचा तक्ता शेवटी २.२ टीबीला थकला, कारण त्यात सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा आहे. २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क आल्या आणि इंटेलने आधीच आखलेला जीपीटी तक्ता सामान्यांच्या यंत्रांत शिरला. त्यात १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. तरीही जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये १९८३ चा तक्ता भरलेला असतोच. ‘डिस्क पूर्ण व्यापलेली आहे’ अशी एकच नोंद त्यात असते, जुन्या प्रोग्रॅमने रिकामी समजून ती पुसू नये म्हणून.

हे जाणून बसलात तर वाटणी सोपी आहे. साधा बायोस आणि २ टीबीपर्यंतची डिस्क असेल तर जुनाच तक्ता घ्या. सुरुवातीला एक जीबी बूटला, मग चाळीस-पन्नास जीबी मूळ प्रणालीला, रॅमइतका स्वॅप आणि उरलेले सगळे होमला. चार नोंदी बरोबर पुरतात. डिस्क त्याहून मोठी असेल तर जीपीटी घ्या आणि ग्रबसाठी एक एमबीचा बायोस बूट हिस्सा विसरू नका. पहिला हिस्सा २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होऊ द्या. पूर्वी तो ६३ व्यापासून व्हायचा आणि त्यामुळे ४ केबी सेक्टरच्या नव्या डिस्क मंदावतात. प्रोसेसर ३२ बिटी असेल तर डेबियन १२ शोधा, डेबियन १३ मध्ये त्यासाठीचा इन्स्टॉलर काढला आहे.

आणि तक्ता लिहायच्या बटणावर बोट ठेवण्याआधी डी ड्राइव्हमधले सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा, तिथे ते उघडून पाहा, आणि मगच पुढे जा.