सिसिलीचा घाट आणि धाकटी मोटार

जें मोठें तें सरस आणि जें नवें तें त्याहूनही सरस, ही समजूत यंत्रांच्या जगांत जितकी घट्ट रुजली आहे तितकी दुसरीकडे क्वचितच आढळेल. कारखानदार ती वाढवितो, गिऱ्हाईक ती मानतें, आणि पाहणारा गर्दींतला माणूस तर आकडा ऐकूनच दिपून जातो. अशा स्थितींत एखाद्या कारखान्यानें अफाट पैसा ओतून उभें केलेलें आपलें सर्वांत बलाढ्य यंत्र बाजूस ठेवावें, आणि ऐन स्पर्धेच्या दिवशीं त्याहून पुष्कळच दुबळें यंत्र मैदानांत आणावें, ही गोष्ट सहसा घडत नाहीं. १९७० सालच्या मे महिन्यांत ती सिसिलीच्या डोंगरांत घडली. करणारा कारखाना जर्मनींतील स्टुटगार्ट शहरचा पोर्शे हा होता.

श्रोत्यांना ही कथा नीट कळावी म्हणून आधीं स्थळ पाहिलें पाहिजे. सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पालेर्मो शहर आहे, आणि त्याच्या पूर्वेस मादोनिए नांवाचे डोंगर आहेत. पालेर्मोच्या एका धनाढ्य व्यापारी घराण्यांतील व्हिन्चेंझो फ्लोरिओ या तरुणानें १९०६ सालीं या डोंगरांतून मोटारींची शर्यत सुरू केली. तिचें नांव ‘तार्गा फ्लोरिओ’. पहिल्या वर्षीं १४८ किलोमीटरांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या होत्या. इताला मोटारींत बसून आलेस्सांद्रो कान्यो याने ती जिंकली, तेव्हां त्याची गति ताशीं सुमारें ४७ किलोमीटर पडली. आज हा आंकडा ऐकून हसूं येईल. परंतु ज्या रस्त्यावरून तो गेला तो रस्ता पाहणारा हसणार नाहीं.

पुढें १९३२ सालापासून फेरी आंखूड करून ७२ किलोमीटरांची करण्यांत आली. समुद्रकांठच्या चेर्दा स्थानकाजवळून निघावयाचें, काल्ताव्हुतुरोच्या बाजूस सुमारें सहाशें मीटर उंच चढावयाचें, कोल्लेसानो गांवाच्या घरांमधून उतरावयाचें, आणि कांपोफेलिचे मागें टाकून पुन्हां समुद्राकांठीं यावयाचें. एका फेरींत शेंकडों वळणें. सरळ असा रस्ता म्हणावा तर समुद्रालगतचा सहा किलोमीटरांचा तुकडा, तेवढाच. आणि हा रस्ता शर्यतीकरितां बांधलेला नव्हे. तो रोजच्या वहिवाटीचा. सराव करणाऱ्या चालकांना बहुतेक दिवस त्याच रस्त्यावर गांवकऱ्यांच्या गाड्या, गाढवें आणि शेळ्या यांच्यामधून वाट काढावी लागे. एका बाजूस दगडी बांध, दुसऱ्या बाजूस दरी. आणि शर्यतीच्या दिवशीं त्या बांधावर पाय सोडून बसलेलें सारें गांव.

अशा वाटेवर मोटारीची शक्ति किती हा प्रश्न दुय्यम ठरतो; ती वळते कशी हा पहिला. मोटारीचें एंजिन पूर्वी बहुधा पुढें, चालकाच्या पायांपलीकडे बसविलेलें असे. तें चालकाच्या पाठीमागें परंतु मागील आंसाच्या अलीकडे, म्हणजे गाडीच्या पोटांत आणून ठेवलें तर काय होतें, हें समजण्यास गणिताची आवश्यकता नाहीं. खांद्यावर भरल्या घागरींची कावड घेतलेल्या माणसाला कोणी मागून हांक मारावी. तो झटकन् वळूं शकत नाहीं. वळला तर घागरी त्यालाच ओढून नेतात. तेंच पाणी त्यानें पोटाशीं धरलें असतां तो पावलावर गर्रकन् फिरतो. वजन तेंच, पण कोठें आहे यावर सर्व अवलंबून. गाडीच्या पोटांत एंजिन असलें म्हणजे तिचें तोंड वळणांत चटकन् फिरतें. मात्र त्याच गुणामुळें, चालकाचा हात चुकला तर, ती तितक्याच चटकन् गिरकीही घेते. हा दोष सांगितल्यावांचून गुण सांगणें अन्यायाचें होईल.

पोर्शे कारखान्याला या बांधणीचा लाभ तार्गाच्या रस्त्यावर १९५६ सालींच कळला होता. त्या वर्षीं कारखान्यानें ५५० ए या नांवाची अवघ्या दीड लिटर एंजिनाची गाडी ऐन वेळीं तेथें धाडली. समोर माझेराती व फेरारी यांच्या तीन लिटर आणि त्याहूनही मोठ्या गाड्या. पोर्शेचा चालक इटलीचाच उंबेर्तो माल्योली होता. त्यानें दहाच्या दहा फेऱ्या, म्हणजे ७२० किलोमीटर, सुमारें आठ तास, कोणाच्याही हातीं चाक न देतां एकट्यानें पुऱ्या केल्या आणि तो पहिला आला. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत सर्व वर्गांच्या मोटारींना मागें टाकून पोर्शेला मिळालेलें हें पहिलें यश. त्यानंतर या कारखान्याचें आणि त्या डोंगरांचें जणूं सोयरसूतकच जुळलें. १९५९, १९६०, १९६३, १९६४, आणि पुढें १९६६ पासून लागोपाठ चार वर्षें तार्गा त्यांच्याकडे गेली. आणि बहुतेक वेळां ती लहान एंजिनाच्या जोरावर.

परंतु लहानपणाचा कंटाळा यशस्वी माणसालाही येतो. ल मां येथील चोवीस तासांची शर्यत पोर्शेला सर्व वर्गांत मिळून कधीं जिंकतां आली नव्हती. धाकट्यांच्या वर्गांतील बक्षिसें मात्र ढिगांनीं होतीं. कारखान्याच्या संशोधन विभागाची सूत्रें तेव्हां फर्डिनांड पिएख या करड्या शिस्तीच्या तरुण यंत्रशास्त्रज्ञाकडे होतीं. नियमांत अशी सवड होती कीं, एकाच नमुन्याच्या पंचवीस गाड्या बांधून दाखविल्यास पांच लिटरांपर्यंतचें एंजिन वापरतां येई. इतक्या गाड्या शर्यतीसाठीं कोणी बांधील असें नियम करणाऱ्यांना वाटलें नसावें. पिएख यानें बांधल्या. १९६९ सालच्या एप्रिल महिन्यांत कारखान्याच्या अंगणांत पंचवीस गाड्या ओळीनें उभ्या करून परीक्षकांपुढें मांडण्यांत आल्या. हीच ‘९१७’. बारा नळकांड्यांचें साडेचार लिटरचें एंजिन, सुमारें ५८० अश्वशक्ति, आणि वजन आठशें किलोंच्या आसपास. आरंभीं ही गाडी इतकी बेभरंवशाची होती कीं भलेभले चालक तिच्यांत बसण्यास नाखूष असत. आणि त्याच वर्षीं ल मां येथें जॉन वुल्फ हा इंग्रज चालक पहिल्याच फेरींत तिच्यांत मृत्यू पावला. पुढें तिचें अंग सुधारलें, आणि १९७० सालीं ती अजिंक्य वाटूं लागली. डेटोना तिनें जिंकलें, ब्रँड्स हॅच जिंकलें, आणि २५ एप्रिलला मोंझा जिंकलें. तार्गाची तारीख होती ३ मे. मध्यें अवघा आठवडा.

आतां सामान्य व्यवहार काय सांगतो? जिंकत आलेलें घोडें पुढेंही दामटावें. पण पोर्शेच्या मंडळींनीं अनुमानावर न राहतां प्रत्यक्ष पाहण्याचें ठरविलें. सरावाच्या वेळीं ९१७ डोंगरांत नेण्यांत आली आणि ती व्हिक एल्फर्ड याच्या हातीं देण्यांत आली. माणूस योग्यच निवडला होता. एल्फर्ड हा घाटरस्त्यांचा मुरलेला चालक. १९६८ सालीं माँटे कार्लोची रॅली त्यानें जिंकली होती, आणि त्याच वर्षीं तार्गांत पहिल्याच फेरींत सुमारें अठरा मिनिटें गमावूनही माल्योलीच्या साथीनें तो पहिला आला होता. या रस्त्यावर ९१७ कोणाला वठणीवर आणतां आली असती तर ती त्यालाच. त्यानें एक फेरी पुरी केली. ती संपल्यावर तो इतका गळून गेला होता कीं त्याला गाडींतून उचलून बाहेर काढावें लागलें. प्रश्न तेथेंच मिटला. ज्याला एक फेरी झेपेना त्याला अकरा फेऱ्यांच्या शर्यतींत कोण लोटणार?

आणि यासाठीं कारखान्यानें दुसरी गाडी आधींच तयार ठेवली होती, हें विशेष. तिचें नांव ‘९०८/०३’. तिचें एंजिन नवें नव्हतें; आठ नळकांड्यांचें, तीन लिटरचें तें एंजिन १९६८ सालापासून वापरांत होतें, आणि त्याची शक्ति सुमारें ३५० अश्व, म्हणजे थोरल्या बहिणीच्या तीनपंचमांश. पण गाडीचें वजन अवघें ५४५ किलो. वरचें फसव्या नाजुकपणाचें प्लॅस्टिकचें आवरण तर सारें मिळून बारा किलोंचें! १९६८ सालीं निव्वळ डोंगर चढण्याच्या शर्यतींसाठीं केलेल्या एका चिमुकल्या गाडीवरून ही कल्पना घेतली होती. त्या गाडींत गिअरपेटी मागील आंसाच्या मागें न लोंबतां आंसाच्या पुढें, एंजिनाच्या बाजूस आणली होती. तेंच येथें केलें. त्यामुळें वजन आणखी मध्याकडे आलें. पण जागा कोठून तरी काढावी लागणारच, ती चालकाकडून काढली. त्याचें आसन पुढें सरकलें, इतकें कीं त्याचे पाय पुढील चाकांच्या आंसापलीकडे गेले. समोरून धडक बसल्यास त्या पायांच्या आणि दगडी बांधाच्या मध्यें पातळ आवरणाखेरीज फारसें कांहीं उरत नव्हतें. चालकांना हें ठाऊक होतें. ते बसले.

फेरारीनें याच वेळीं उलट निवड केली. त्यांची ५१२ एस ही पांच लिटरची गाडी त्या डोंगरांत उतरली. तिचेंही एंजिन पोटांतच होतें. फरक आकाराचा व वजनाचा होता. ती मात्र ज्याच्या हातीं दिली होती तो माणूस पाहिला म्हणजे फेरारीचा हिशेब कळतो. नीनो वाक्कारेल्ला हा पालेर्मोचाच रहिवासी. व्यवसायानें शाळेचा चालक. आठवडाभर मुलांना शिस्त लावणारा हा गृहस्थ मादोनिएच्या रस्त्यावर आला कीं वाटेवरच्या भिंतींवर त्याचें नांव चुन्यानें रंगविलेलें असे. १९६५ सालीं त्यानें तार्गा जिंकली होती. प्रत्येक वळण, प्रत्येक घराचा कोपरा त्याच्या तोंडपाठ. मोठी गाडी आणि रस्त्याचा सर्वांत मोठा जाणकार, अशी ही जोडी. इग्नात्सिओ जुंती हा त्याचा साथीदार. दोघांनीं मार्च महिन्यांत मारिओ आंद्रेत्ती याच्यासह सेब्रिंगची बारा तासांची शर्यत त्याच जातीच्या गाडींत जिंकलेली होती.

शर्यत अकरा फेऱ्यांची, ७९२ किलोमीटरांची. पोर्शेच्या धाकट्या गाड्यांपैकी एक स्वित्झर्लंडचा जो सिफेर आणि इंग्लंडचा ब्रायन रेडमन यांच्याकडे होती; दुसरी मेक्सिकोचा पेद्रो रॉड्रिगेझ आणि फिनलंडचा लिओ किन्नुनेन यांच्याकडे. सिफेर व रेडमन ६ तास ३५ मिनिटें ३० सेकंदांत, ताशीं सुमारें १२० किलोमीटरांच्या गतीनें पहिले आले. रॉड्रिगेझ व किन्नुनेन दुसरे. त्यांतही किन्नुनेननें एक फेरी ३३ मिनिटें ३६ सेकंदांत मारली, म्हणजे ताशीं १२८ किलोमीटरांहून अधिक. बर्फाळ रस्त्यांच्या देशांतून आलेल्या या माणसाचा तो विक्रम त्या वाटेवर पुढें कधींच मोडला गेला नाहीं. वाक्कारेल्ला आणि जुंती तिसरे आले. पांच लिटरच्या त्या धूडाला त्या गल्लीबोळांतून तिसऱ्या क्रमांकावर आणणें हाही एक पराक्रमच होता. पण समुद्रकांठच्या सरळ तुकड्यावर जेवढें मिळे तेवढें डोंगरांत हातचें जाई.

त्याच मे महिन्याच्या ३१ तारखेस न्युर्बुर्गरिंगच्या वळणावळणांच्या वाटेवर पोर्शेनें पुन्हां धाकटी गाडीच काढली. एल्फर्ड आणि कुर्ट आरेन्स पहिले आले. आणि दोनच आठवड्यांनीं, जेथें लांबच लांब सरळ रस्ता आहे त्या ल मां येथें, थोरली बाहेर आली. १४ जूनला हान्स हेर्मान आणि रिचर्ड अॅटवुड यांनीं ९१७ मध्यें ती शर्यत जिंकून कारखान्याची वीस वर्षांची आस पुरी केली. गंमत अशी कीं, न्युर्बुर्गरिंगला हेच दोघे धाकट्या गाडींत दुसरे आले होते. थोरलीला कोणी कमी लेखलें नव्हतें. तिला तिच्या वाटेची वाट पाहावयास लावलें होतें.

पुढल्या वर्षीं, १६ मे १९७१ रोजीं, पोर्शेनें तार्गासाठीं पुन्हां तीच निवड केली आणि ती पार फसली. पहिल्याच फेरींत रेडमनची गाडी सुकाणूं बिघडून बांधावर आदळली व पेटली. तो वांचला, पण चेहरा आणि हात भाजून निघाले. वजन घटविण्याकरितां जें जें काढून टाकलें होतें त्याची किंमत त्या दिवशीं त्याच्या अंगावर वसूल झाली. रॉड्रिगेझही पहिल्याच फेरींत बाद झाला. तिसरी गाडीही शेवटापर्यंत पोंचली नाहीं. त्याच वर्षीं जुलैमध्यें रॉड्रिगेझ आणि ऑक्टोबरमध्यें सिफेर, हे दोघेही दुसऱ्या गाड्यांत, दुसऱ्या शर्यतींत मृत्यू पावले.

आणि १९७१ ची तार्गा? ती शाळेच्या त्या चालकानें जिंकली. फेरारीनें त्या वर्षीं कारखान्याची गाडी धाडली नव्हती. वाक्कारेल्ला आल्फा रोमेओच्या गाडींत, हॉलंडच्या टोइन हेझेमान्स याच्या साथीनें उतरला होता. ती गाडी तीन लिटरची होती.