फाइल सिस्टिम कॉम्प्रेशन (डेटाबेस सर्व्हरवरील)

डेटाबेसच्या फाइली डिस्कवर लिहिताना फाइल सिस्टिमनेच त्या दाबून ठेवायच्या आणि वाचताना पुन्हा उलगडून द्यायच्या, ही जागा वाचवण्याची पद्धत. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलला तिचा पत्ताही लागत नाही. त्यांना आपले पान जसेच्या तसे परत मिळते. ही सोय झेडएफएस, बीटीआरएफएस आणि विंडोजच्या एनटीएफएसमध्ये आहे.

लेम्पेल आणि झिव्ह या इस्रायली संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना याच्या मुळाशी आहे: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता तो मागे कुठे आणि किती लांब आहे, एवढेच नोंदवायचे. डेटाबेसमध्ये अशी पुनरावृत्ती भरपूर असते. एकाच गावाचे नाव हजारो ओळींत येते, तारखा एकमेकींसारख्या असतात, अर्धवट भरलेल्या पानांत शून्ये पडून असतात. यान कोले यांनी २०११ मध्ये आणलेला एलझेड४ हा अल्गोरिदम इतका वेगवान आहे की बऱ्याच कामांत कॉम्प्रेशनवर खर्च झालेला वेळ कमी वाचन-लेखनातून भरून निघतो. त्यांचाच झेडस्टँडर्ड २०१६ मध्ये फेसबुकने खुला केला. तो थोडा जास्त वेळ घेतो, पण अधिक घट्ट दाबतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत हा फरक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, तीन बाइट घेते. त्यातला पहिला बाइट सगळीकडे एकच, दुसरा दोनांपैकी एक. खरी माहिती बहुतांशी तिसऱ्यात. एलझेड४ निदान चार बाइटांची जुळणी शोधतो आणि उरलेले बाइट जसेच्या तसे ठेवतो. झेडस्टँडर्ड मात्र वारंवार येणाऱ्या बाइटांना आखूड संकेत देतो, त्यामुळे हा ठरावीक भार त्याला हलका करता येतो. मराठी नावे, पत्ते, बातम्या साठवणाऱ्या सर्व्हरवर दोन्ही अल्गोरिदम स्वतःच्या डेटावर तपासून पाहावेत, ते यासाठी.

पण खरी मेख अल्गोरिदमपेक्षा ब्लॉकच्या आकारात आहे. पोस्टग्रेएसक्यूएलचे पान ८ केबीचे असते, म्हणून झेडएफएसचा रेकॉर्डसाइजही (ब्लॉकचा कमाल आकार) ८ केबी ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डिस्कवरची जागा ४ केबीच्या तुकड्यांत वाटली जात असेल, तर ५ केबीपर्यंत दाबले गेलेले पानही दोन तुकडे, म्हणजे पूर्ण ८ केबी अडवते. ४ केबीत मावले तर निम्मी जागा वाचते, नाहीतर काहीच नाही. रेकॉर्डसाइज १६ केबी केला की मधल्या पायऱ्या मिळतात. मूळच्या १२८ केबीवर बचत आणखी वाढते, परंतु एक पान बदलायचे तरी सगळा रेकॉर्ड नव्याने लिहावा लागतो, आणि तो मेमरीत नसेल तर आधी वाचावाही लागतो. क्वचित बदलणाऱ्या जुन्या नोंदींना हे परवडते. सतत अपडेट होणाऱ्या टेबलांना नाही.

झेडएफएसच्या ओपनझेडएफएस या खुल्या आवृत्तीत कॉम्प्रेस केलेली माहिती मेमरीतील कॅशमध्येही दाबलेल्या रूपातच राहते, त्यामुळे तेवढ्याच रॅममध्ये जास्त पाने मावतात.

बीटीआरएफएसवर वेगळी अडचण आहे. डेटाबेसच्या फाइलींचे तुकडे-तुकडे होऊ नयेत म्हणून तिथे कॉपी-ऑन-राइट (बदललेला ब्लॉक जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणे) बंद करण्याची प्रथा आहे, आणि ते बंद केले की कॉम्प्रेशनही बंद होते. एनटीएफएसचे कॉम्प्रेशन एसक्यूएल सर्व्हरला फक्त वाचनापुरत्या डेटाबेससाठी चालते. त्याऐवजी २००८ च्या आवृत्तीपासून ओळ आणि पान या पातळ्यांवरचे स्वतःचे कॉम्प्रेशन त्यात आले. आधीच दाबलेल्या माहितीवर, म्हणजे जेपीईजी चित्रे, पोस्टग्रेएसक्यूएलने स्वतः आवळलेली मोठी मूल्ये, दुसऱ्यांदा फारसे काही हाती लागत नाही, आणि एन्क्रिप्ट केलेल्या रकान्यांतही नाही.

बचत मोजताना गफलत होते ती आकडा कुठला पाहायचा यात. पोस्टग्रेएसक्यूएलचे पीजी_डेटाबेस_साइज हे फंक्शन मूळ आकार सांगते, कॉम्प्रेशननंतरचा नव्हे. झेडएफएसवर प्रत्यक्ष अडलेली जागा ‘डीयू’ आज्ञेतून कळते, तर ‘कॉम्प्रेसरेशो’ हा गुणधर्म गुणोत्तर देतो. कॉम्प्रेशन सुरू केल्यावर हे गुणोत्तर लगेच वाढत नाही. सेटिंग फक्त नव्याने लिहिल्या जाणाऱ्या ब्लॉकना लागू होते. जुना डेटा दाबायचा तर तो डंप घेऊन पुन्हा भरावा लागतो किंवा टेबल नव्याने लिहावे लागते, आणि तेवढ्या काळापुरती जुन्या प्रतीसोबत नवी प्रतही मावेल एवढी जागा रिकामी असावी लागते. डिस्क काठोकाठ भरल्यानंतर हे काम हाती घेणे म्हणूनच फार अवघड जाते.