अक्षर न ओळखणारे मुद्रणयंत्र

परदेशातील घरात आपल्या मुलांनी मराठीत लिहिलेले चार शब्द आपण संगणकाच्या पडद्यावर पाहतो, एक कळ दाबतो आणि ते कागदावर उतरतात. हे आज इतके सहज झाले आहे की त्यामागचा इतिहास आपल्या ध्यानातही येत नाही. संगणकाच्या व्यवसायात असलेले आम्हीही त्याला अपवाद नाही.

१९८४ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ‘थिंकजेट’ हा इंकजेट प्रिंटर बाजारात आणला. त्याच्या शाईच्या डबीलाच १२ सूक्ष्म छिद्रे होती. छिद्रामागची शाई क्षणभर तापवली की वाफेचा बुडबुडा होई आणि तो थेंब कागदावर ढकली. एका इंचात ९६ ठिपके उमटत. टकटक करणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या तुलनेत हे यंत्र फारच शांत होते. मात्र चांगल्या छपाईसाठी खास कागद लागे.

पडद्यावरील मजकूर छापण्याच्या तेव्हा दोन रीती होत्या. पहिल्या रीतीत संगणक केवळ अक्षराचा क्रमांक कळवी आणि प्रिंटर स्वतःच्या साठ्यातून त्या क्रमांकाचे अक्षर काढून छापी. थिंकजेटच्या साठ्यात रोमन अक्षरे होती, देवनागरी नव्हती. ज्या लिपीला साठ्यात स्थान नाही, ती त्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नव्हती.

दुसरी रीत पडद्याचे चित्रच छापण्याची. आयबीएम पीसीच्या सीजीए पडद्यावर एकरंगी चित्रात आडवे ६४० आणि उभे २०० ठिपके असत. म्हणजे एकूण १,२८,००० ठिपके, अर्थात १६,००० बाइट. त्यासाठी डॉसमधील ‘ग्राफिक्स’ हा प्रोग्रॅम आधी चालू करून मग प्रिंट स्क्रीनची कळ दाबावी लागे. १९९१च्या एमएस-डॉस ५ मध्ये या प्रोग्रॅमच्या प्रिंटरांच्या यादीत थिंकजेटचेही नाव होते.

अडचणी होत्याच. इंचाला ९६ ठिपके या हिशेबाने ते चित्र साडेसहा इंचांहून थोडे अधिक रुंद, पण जेमतेम दोन इंच उंच होई आणि पडद्यावरचे वर्तुळ कागदावर चपटे दिसे. प्रत्येक ओळ दोनदा छापली की आकार बराचसा सावरे. काळ्या पडद्यावरील उजळ अक्षरे जशीच्या तशी छापली तर सारा कागद शाईने भिजेल, म्हणून उजळ ठिपक्याच्या जागी काळा ठिपका द्यावा लागे.

परंतु या ओबडधोबड रीतीत एक मोठी गोष्ट होती. ठिपके छापणारे यंत्र लिपी विचारत नाही. पडद्यावर ‘क’ रेखाटता आला, तर तो छापताही येतो. त्यासाठी कारखानदाराच्या साठ्यात जागा मागावी लागत नाही.

तरीही चित्र म्हणजे मजकूर नव्हे. चित्रातला शब्द शोधता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. त्यासाठी लिपीला स्वतःचे क्रमांक हवे होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, १९९१चे ‘इस्की’ मानक आणि त्याच वर्षीच्या पहिल्या युनिकोडमधील देवनागरी, यांनी ते काम केले.

ठिपक्यांनी आपली अक्षरे कागदावर आणण्याची वाट मोकळी केली. क्रमांकांनी त्यांना यंत्राच्या स्मृतीत कायमचे स्थान दिले. म्हणून नवे यंत्र हाती येताच आम्ही पहिला प्रश्न हाच विचारावा: याच्या साठ्यात कोणाची अक्षरे आहेत आणि कोणाची अजून बाहेर उभी आहेत?